सव्वा ब्लॉकची उडी

शंकेखोर : व्हिडिओ गेमच्या जगाचं भौतिकशास्त्र शोधून काढायचं, ही भाषाच मला खटकते. शोधायला तिथे निसर्ग आहे कुठे? कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं की पात्र इतकं उंच उडेल, इतक्या वेगानं खाली येईल. ते आकडे प्रोग्राममध्ये लिहिले आणि गेम विकायला काढला. ते आकडे हवे असतील तर त्या माणसाला विचारावं, नाहीतर प्रोग्राम उघडून वाचावा. पडद्यासमोर बसून पात्राला हजार उड्या मारायला लावायच्या आणि त्यावरून नियम काढायचा, हे म्हणजे लाडवात गूळ किती पडला ते आईला न विचारता चाखून ठरवत बसण्यासारखं आहे. जमेलही कदाचित. पण त्याला शोध म्हणायचं का?

खेळाडू : म्हणायचं. आई शेजारच्या खोलीत आहे म्हणून चाखून ओळखण्याची कला खोटी ठरत नाही. आणि मला गुळाइतकंच त्या जिभेबद्दल कुतूहल आहे. आतून, फक्त जे दिसतं त्यावरून, माणसाला कुठपर्यंत पोचता येतं? निसर्गाच्या बाबतीत आपण कुठपर्यंत पोचलो हे पडताळायला शेजारची खोलीच नाही. गेमच्या बाबतीत ती आहे. अनुमान करा, मग दार उघडून बघा. अशी सोय गॅलिलिओला नव्हती.

एक साधं उदाहरण घ्या. ‘अँग्री बर्ड्स’ २००९ मध्ये आला. पुढच्याच वर्षी ऱ्हेट अलेन या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं गलोलीतून सुटलेल्या पक्ष्याचं चित्रीकरण एकेक फ्रेम थांबवून मोजलं. पक्ष्याचा आडवा वेग शेवटपर्यंत तोच राहत होता, म्हणजे त्या जगात हवेचा अडथळा नाही. उभा वेग दर क्षणाला सारख्याच प्रमाणात बदलत होता, म्हणजे गुरुत्व आहे आणि ते स्थिर आहे. कुणाला विचारलं नाही, प्रोग्राम उघडला नाही. दोन नियम हाती आले.

शंकेखोर : आणि तिसऱ्या पायरीवर काय झालं तेही सांगा. गुरुत्व किती, हे त्याला सांगता आलं नाही, कारण त्या जगात मीटर नाही. पडद्यावरची लांबी गलोलीच्या पटीत मोजता येते, पण गलोल केवढी? मग त्यानं गुरुत्व आपल्या पृथ्वीचंच आहे असं धरलं, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि उलटा हिशेब केला. गलोल जवळपास ५ मीटर उंच निघाली, लाल पक्षी ७० सेंटीमीटरच्या घरात. आता गलोल हातभर असेल असं धरलं असतं, तर गुरुत्व चंद्राच्या गुरुत्वाहूनही कमी निघालं असतं. एक आकडा बाहेरून उसना आणल्याशिवाय दुसरा मिळत नाही. मग त्या जगाबद्दल कळलं काय? तुम्ही खिशातून नेलेलंच परत घेऊन आलात.

खेळाडू : गुणोत्तर कळलं, आणि ते खिशातलं नव्हतं. केप्लरकडे तरी दुसरं काय होतं? ग्रहाच्या अंतराचा घन आणि प्रदक्षिणेच्या काळाचा वर्ग यांचं नातं त्यानं १६१९ मध्ये मांडलं, तेव्हा सगळी अंतरं पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीतच होती. ते अंतर स्वतः किती, याचा भरवशाचा आकडा यायला १७६१ आणि १७६९ ची शुक्राची अधिक्रमणं उजाडावी लागली. दीडशे वर्षं आपली सूर्यमाला अँग्री बर्ड्ससारखीच होती, आकार बरोबर, माप बेपत्ता. तेवढ्यावरून केप्लरला काही कळलं नव्हतं असं तुम्ही म्हणणार नाही.

आणि माप बेपत्ता नसलेली जगंही आहेत. ‘माइनक्राफ्ट’ घ्या. सगळं जग ठोकळ्यांचं. खेळणारे त्याला ब्लॉक म्हणतात, आणि एक ब्लॉक म्हणजे एक मीटर हा सर्वमान्य करार आहे. तिथे मी उंच मनोरा रचला, कडेवरून पाऊल पुढे टाकलं आणि पडलो. पहिल्या सेकंदात साधारण साडेचौदा ब्लॉक. आपल्या पृथ्वीवर ४.९ मीटर पडलो असतो.

शंकेखोर : म्हणजे गुरुत्व तिप्पट. लिहून टाका.

खेळाडू : एवढ्यात नाही. एका सेकंदाचं माप म्हणजे नियम नव्हे. गॅलिलिओनं काय केलं ते आठवा. उतारावरून गोळा सोडला, सारखे सारखे कालखंड पाण्याच्या धारेनं मोजले आणि प्रत्येक कालखंडात किती अंतर कापलं ते पाहिलं. पहिल्या खंडात १, तर दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५, चौथ्यात ७. विषम संख्या. १६३८ च्या त्याच्या ग्रंथातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे असं मला वाटतं, कारण तिला मीटरही लागत नाही आणि सेकंदही. कालखंड कितीही लहान घ्या, कितीही मोठा घ्या, दुसऱ्या खंडातलं अंतर पहिल्याच्या तिप्पटच येणार. गुरुत्व स्थिर असल्याची ती सहीच आहे.

तीच सही मी माइनक्राफ्टमध्ये शोधली. एक-एक सेकंदाचे खंड घेतले: तिपटीऐवजी २.४६ पट. दोन-दोन सेकंदांचे घेतले: २.१७. वेळ वाढवावा तसं गुणोत्तर खाली घसरतं. म्हणजे तिथे हवा आहे. वेगानं पडणाऱ्याला ती रोखून धरते.

शंकेखोर : ठीक. मग हवेचा त्रास कमी व्हावा म्हणून खंड लहान करायचे. वेग कमी असताना अडथळा नगण्य, गुणोत्तर तीनकडे सरकेल.

खेळाडू : अगदी हेच मला वाटलं होतं. अर्ध्या सेकंदाचा खंड घेतला: २.५८. सुधारणा झाली. पाव सेकंद: २.५५. परत खाली. सेकंदाचा दहावा भाग: २.२९. आणि विसावा भाग: १.९८. तीनकडे जायचं सोडून ते दोनवर येऊन बसलं. त्याहून लहान खंड घेऊन काही नवं मिळेना.

यावर मी बराच वेळ अडलो. हवेनं हे होऊ शकत नाही, कारण लहान खंडात हवेचा परिणाम कमीच होतो. मग कागदावर मांडून बघितलं. समजा, त्या जगात काळ वाहत नाही, उड्या मारत जातो. प्रत्येक उडीला वेग एका ठरावीक मापानं वाढतो आणि मग पुढच्या उडीपर्यंत पात्र त्याच वेगानं सरकतं. तर एकेका उडीत कापलेलं अंतर १, २, ३, ४ असं वाढेल. विषम संख्या नाहीत, ओळीनं सगळ्या संख्या. दुसरं पहिल्याच्या दुप्पट. दोन-दोन उड्या एकत्र मोजल्या, तर पहिल्या खंडात १ आणि २ मिळून ३, दुसऱ्यात ३ आणि ४ मिळून ७, गुणोत्तर २.३३. दहा-दहा उड्या एकत्र घेतल्या तर ५५ आणि १५५, म्हणजे २.८२. खंडात जितक्या जास्त उड्या मावतील तितकं ते तीनच्या जवळ जाईल. गॅलिलिओची विषम संख्या ही वाहत्या काळाची खूण आहे, आणि ती खूण कुठे मोडते यावरून काळाचा कण केवढा ते कळतं. माइनक्राफ्टमध्ये तो सेकंदाचा विसावा भाग आहे. लांब खंडांच्या बाजूनं हवा गुणोत्तराला खाली ओढते, लहान खंडांच्या बाजूनं काळाचा खडबडीतपणा, आणि मध्ये, सेकंदाच्या चार दशांशांच्या आसपास, २.५९ वर टेकडीचा माथा आहे. दोन कारणं एकमेकांत मिसळली होती, आणि प्रोग्रामची एक ओळ न वाचता ती वेगळी झाली.

शंकेखोर : हे मला आवडलं, हे कबूल करतो. पण पडदा तर सेकंदाला साठ चित्रं दाखवतो आणि पडणं अगदी सलग दिसतं. तुमचा काळाचा कण डोळ्याला का दिसत नाही?

खेळाडू : कारण दोन कणांच्या मधली चित्रं पडदा भरून काढतो. हिशेब सेकंदाला वीस वेळा होतो, आणि मधल्या जागा सरळ रेषेनं जोडून दाखवल्या जातात. एकेक फ्रेम मोजली तर तीन फ्रेम तोच वेग, मग एकदम वाढ, परत तीन फ्रेम तोच वेग. गुळगुळीत दिसणारा वक्र प्रत्यक्षात लहान-लहान सरळ तुकड्यांचा आहे.

आणि मग मी दार उघडलं. जावा आवृत्तीचा हिशेब आज सगळ्यांना माहीत आहे: दर कणाला वेगात ०.०८ मिळवायचे आणि आलेल्या बेरजेला ०.९८ नं गुणायचं. सेकंदाचे वीस कण धरले तर गुरुत्व ३२ मीटर प्रति सेकंद वर्ग, आपल्या तिपटीहून थोडं जास्त, आणि पडण्याचा कमाल वेग सेकंदाला ७८.४ मीटर. मी चाखून काढलेलं आणि आईनं घातलेलं जुळलं.

शंकेखोर : जुळलं, कारण तुम्ही स्वतः पडलात. आता मनोऱ्यावरून वाळू सोडा.

खेळाडू : मला माहीत आहे तुम्ही कुठे नेणार.

शंकेखोर : तरी जाऊ या, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. वाळूच्या ब्लॉकला त्याच जगात ०.०४ लागू आहेत, तुमच्या निम्मे. बाणाला ०.०५. बर्फाच्या गोळ्याला ०.०३. दगडाचा ब्लॉक तर पडतच नाही. खालचा आधार काढून घेतला तरी हवेत तसाच. तुम्ही मोठ्या कष्टानं गुरुत्वाचा नियम काढलात आणि तो फक्त तुमच्यापुरता होता.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारा, अनुमान करतो, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती त्यानं स्वयंपाकघरात पाहिलेली असते. चार्वाक विचारतो, जी ठिकाणं पाहिलीच नाहीत तिथलं काय? माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त, चौदाव्या शतकात, हा आक्षेप नीट मांडलेला आहे. आणि नैयायिकांनाही हा धोका चांगला ठाऊक होता. त्यांनी त्याला नाव दिलं, उपाधी. जिथे अग्नी तिथे धूर, असं उलटं म्हणाल तर फसाल, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला सरपण ओलं लागतं. ओलं सरपण ही न दिसलेली अट. तुमच्या मनोऱ्यावरच्या प्रयोगात ओलं सरपण तुम्ही स्वतः होता. खेळणाऱ्याचं पात्र असणं, ही अट नियमात दडलेली होती, आणि हजार वेळा पडूनही ती तुम्हाला दिसली नसती.

याहून वाईट प्रकार अंतराचा. माइनक्राफ्टच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये तुम्ही एका दिशेला चालत राहिलात तर डोंगर, वाळवंटं नेहमीसारखी येत राहायची. लाख ब्लॉक, दहा लाख, एक कोटी. आणि उगमापासून १,२५,५०,८२१ ब्लॉकांवर जमीन एकाएकी भोकाभोकांची अजस्र भिंत होऊन उभी राहायची. चालत जायला महिन्याहून जास्त लागेल इतक्या अंतरापर्यंत एकही अपवाद नाही, आणि मग सगळंच अपवाद. चार्वाकाला याहून चांगला दाखला कोणता हवा?

खेळाडू : चार्वाकाला दाखला मिळाला, आणि मला माहिती. ती भिंत का उभी राहायची? भूप्रदेश तयार करणाऱ्या हिशेबातली संख्या त्या जागी २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडे जायची. बत्तीस बिटांच्या पूर्णांकात मावणारी ती सर्वांत मोठी संख्या. नियम मोडला त्या जागी त्या जगाचं खालचं लाकूड दिसलं. एक कोटी ब्लॉक सुरळीत चाललेल्या जगानं जे सांगितलं नाही, ते भिंतीनं सांगितलं.

वाळूचंही तसंच. तुम्ही म्हणता नियम फक्त माझ्यापुरता होता. बरोबर. पण वाळू सोडून बघणं हाच तर पुढचा प्रयोग! मला तर त्या निम्म्या वेगानं पडणाऱ्या वाळूनं आपल्याच जगाबद्दल पहिल्यांदा आश्चर्य वाटायला लावलं. हातोडा आणि पीस निर्वातात बरोबर पडतात, हे शाळेत पाठ केलं होतं. १९७१ मध्ये डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर ते करून दाखवलं, तेही पाहिलं होतं. पण ते असंच असायला हवं असं मी गृहीत धरलं होतं. माइनक्राफ्ट खेळल्यावर कळलं की तसं असायलाच हवं असं काही नाही. प्रत्येक वस्तूला तिचं स्वतःचं पडणं असलेलं जग बांधता येतं, आणि त्यात लोक वर्षानुवर्षं सुखानं राहतात.

घडवणारी : तुम्हा दोघांचं ऐकत होते. मी गेम बनवते, म्हणून शेजारच्या खोलीतलं थोडं सांगते. तुम्ही ०.०८ शोधलेत, ०.०४ शोधलेत, पण ते आकडे कशासाठी आहेत हे कुणीच विचारलं नाही. माइनक्राफ्टमध्ये उडीचा सुरुवातीचा वेग एका कणाला ०.४२ ब्लॉक. गुरुत्व आणि हवा वजा करत बेरीज केली की उडी जवळपास सव्वा ब्लॉकची होते. सव्वाच का? एक ब्लॉक चढता यावा, दोन चढता येऊ नयेत, आणि चढताना कडेला पाय अडकू नये म्हणून. त्या जगात जिने, भिंती, खंदक, घरं या सगळ्यांना अर्थ आहे तो त्या सव्वामुळे. कुंपण बघा. दिसायला ते एक ब्लॉक उंच आहे. मग सव्वा ब्लॉक उडणाऱ्याला ते सहज ओलांडता यायला हवं. येत नाही, कारण अडवायच्या हिशेबात त्याची उंची दीड ब्लॉक धरलेली आहे. वरचा अर्धा ब्लॉक दिसत नाही, पण आहे. कुंपणानं अडवलं पाहिजे, म्हणून.

१९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ वर जात असताना बटण दाबून धरलं तर गुरुत्व कमी लागतं, सोडलं की वाढतं. त्या जगात गुरुत्व तुमच्या बोटावर अवलंबून आहे, कारण उडी लहान करायची की मोठी हे खेळणाऱ्याच्या हातात ठेवायचं होतं. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मारता येते. माणसाचं बोट डोळ्यापेक्षा किंचित मागे असतं, आणि त्याला आपण हरलो ते अन्यायानं असं वाटू नये, म्हणून ती सवड. हे आकडे आम्ही निसर्गाची नक्कल म्हणून ठेवत नाही. महिनोन्महिने खेळून, खेळणाऱ्यांचे चेहरे बघून ठेवतो.

आणि जिथे आम्ही खरंच नक्कल करतो तिथेही तडजोडी असतात. एरिन कॅटो यांचं ‘बॉक्स२डी’ हे इंजिन अँग्री बर्ड्सनं वापरलं. त्याच्या मूळ आवृत्तीत दोन वस्तू एकमेकींवर सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी वेगानं आदळल्या तर त्या उसळतच नाहीत, कारण बारीक-बारीक उसळ्यांनी रचलेले ढीग थरथरत राहतात. वस्तू अर्धा सेकंद जवळपास स्थिर राहिली की इंजिन तिला झोपवतं आणि तिचा हिशेब करणं थांबवतं. कुठलीच वस्तू एका कणात दोन मीटरपेक्षा जास्त सरकू दिली जात नाही. सेकंदाला साठ कण धरले तर सेकंदाला १२० मीटर हा त्या जगातला अंतिम वेग. कुणी आत बसून तो मोजला तर त्याला फार खोल काहीतरी सापडल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात ती वस्तू भिंतीआरपार जाऊ नये यासाठी केलेली काळजी आहे.

शंकेखोर : मला हवं ते तुम्ही माझ्याहून नीट सांगितलंत. त्या जगातले आकडे हेतूंनी बांधलेले आहेत. दगड खाली का पडतो, या प्रश्नाला ‘आपल्या जागी जायचं असतं म्हणून’ हे ॲरिस्टॉटलचं उत्तर आपण टाकून दिलं. गेममध्ये तेच उत्तर बरोबर आहे. कुंपण दीड ब्लॉकवर का अडवतं? अडवायचं असतं म्हणून. मग न्यूटनची पद्धत घेऊन तिथे जाणाऱ्याला आकडे मिळतील, पण समज मिळणार नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. २०१७ मध्ये एरिक जोनास आणि कॉनराड कोर्डिंग यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूचा अभ्यास ज्या पद्धतींनी करतात त्या त्यांनी ६५०२ या जुन्या मायक्रोप्रोसेसरवर लावून पाहिल्या. त्यात ३,५१० ट्रान्झिस्टर, आणि त्यावर चालणारे ‘डाँकी काँग’, ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि ‘पिटफॉल’ हे तीन गेम. एकेक ट्रान्झिस्टर बंद करून कोणता गेम बंद पडतो ते पाहिलं. काही ट्रान्झिस्टर असे निघाले की ते बंद केल्यावर फक्त डाँकी काँगच चालेना. मग तो डाँकी काँगचा ट्रान्झिस्टर झाला का? अर्थातच नाही, तो एखाद्या बेरजेतला साधा भाग. पुरावा भरपूर होता, पद्धती चोख होत्या, आणि तरी यंत्र खरंच कसं चालतं याचं चित्र त्यातून उभं राहिलं नाही. तुमची टेकडी सुंदर आहे. पण तुम्ही काळाचे कण शोधलेत ते कुठल्या प्रकारच्या उत्तराची अपेक्षा करायची हे आधीच माहीत असल्यामुळे. कॉम्प्युटर पायऱ्यापायऱ्यांनी चालतो हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं दोनवर आलेल्या गुणोत्तराचं काय केलं असतं?

खेळाडू : बहुतेक माझ्यासारखाच अडला असता, फक्त जास्त वर्षं. पण तुम्ही समज आणि प्रोग्राम एकच धरता आहात, तिथे मला थांबवायचं आहे. १९९६ चा ‘सुपर मारिओ ६४’ घ्या. त्यात मारिओची जागा मोठ्या अपूर्णांकी संख्येत ठेवली जाते, पण पायाखाली जमीन आहे का हे तपासताना ती संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात कोंबली जाते. त्यामुळे ६५,५३६ एककं दूर गेलं की मूळ जमिनीची न दिसणारी प्रत पायाखाली लागते. खेळणारे त्याला समांतर विश्वं म्हणतात, आणि तिथपर्यंत पोचण्याइतका वेग गोळा करायच्या युक्त्याही त्यांच्याकडे आहेत. २०१९ च्या सुमारास चाहत्यांनी त्या गेमचा सगळा प्रोग्राम उलगडून वाचता येण्याजोगा केला. दार सताड उघडं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी संशोधन संपायला हवं होतं. संपलं नाही. प्रत्येक ओळ समोर असताना लोक अजून नव्या युक्त्या शोधतात, त्या जगात जाऊन करून बघतात आणि चकित होतात. नियम माहीत असणं आणि त्या नियमांचं जग माहीत असणं यांत अंतर आहे, आणि ते प्रयोगानंच भरावं लागतं.

घडवणारी : हे खरं आहे. मी लिहिलेल्या जगात खेळणाऱ्यांनी मला माहीत नसलेल्या वाटा काढल्या आहेत. पण एक सांगते. तुमच्या वहीतला तक्ता आणि माझा प्रोग्राम एकच नव्हेत, तक्ता शंभर टक्के बरोबर असला तरी. तोच तक्ता देणारे दोन वेगवेगळे प्रोग्राम मी लिहू शकते. एकात कुंपणाची उंची दीड. दुसऱ्यात कुंपणाची उंची एकच, पण कुंपणाजवळ उडीला एक ब्लॉकची मर्यादा. आत उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसेल, आपण ओलांडू शकत नाही.

खेळाडू : मग कुंपणावर वाळू टाकून बघेन. बाण मारून बघेन. वरून पडून बघेन. पहिल्या जगात वरचा अर्धा ब्लॉक सगळ्यांना अडवेल, दुसऱ्यात फक्त मला. आणि बोलता बोलता मला वाटतं मी जे शोधत होतो ते हेच. मघाशी तुम्ही, शंकेखोर, म्हणालात की ओलं सरपण मी स्वतः होतो. ती अट माझ्या प्रयोगातली चूक नव्हती; तीच मोठी खूण होती. सवलत माणूस ओळखून दिली जाते. सेलेस्टमधली दहाव्या भागाची सवड नायिकेसाठी आहे. मारिओचं बदलणारं गुरुत्व बटण धरणाऱ्यासाठी आहे. तेव्हा आतून बघणाऱ्यानं आधी पक्षपात शोधावा. हा नियम कोण पडतंय हे विचारतो का? आपल्या जगाला हा प्रश्न अत्यंत बारकाईनं विचारून झाला आहे. हंगेरीच्या ओटव्हॉशनं पीळकाट्यावर विचारला. मायक्रोस्कोप नावाच्या उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनम शेजारी ठेवून विचारला, आणि २०२२ मध्ये अंतिम उत्तर आलं: दहाच्या उणे पंधराव्या घातापर्यंत फरक नाही. वाळू आणि माणूस असा भेद आपल्या गुरुत्वाला माहीत नाही.

शंकेखोर : खूण चांगली आहे, पण ती एकाच बाजूनं चालते. पक्षपात सापडला तर कुणाचा तरी हात आहे, हे मी मान्य करतो. पक्षपात न सापडण्यावरून काय ठरतं? बॉक्स२डीमध्ये सगळ्या वस्तूंना मिळून एकच गुरुत्व लावलेलं असतं. पक्षी, फळी, दगड, सगळे सारखे. तिथे तुमचा उपग्रह सोडला तर तोही फरक नाही असंच सांगेल, आणि तरी ते जग कुणीतरी लिहिलेलंच आहे. म्हणजे तुमच्या वहीत एका बाजूला ‘इथे हात दिसला’ अशी नोंद होऊ शकते. दुसऱ्या बाजूला ‘इथे हात नाही’ अशी नोंद कधीच होऊ शकत नाही.

खेळाडू : तो रकाना मी रिकामा ठेवीन. भरायचा कसा हे मला माहीत नाही, आणि आत राहून तो भरता येईल असं आता वाटतही नाही. पण पहिला रकाना रिकामा नाही. आणि तो भरायला मी कुणालाही काही विचारलं नव्हतं.

शंकेखोर : ते मान्य. सुरुवातीला मी याला शोध म्हणायला तयार नव्हतो, आता म्हणतो. पण नियमाचा शोध नव्हे. नियम कुठे कुणाला ओळखतो, त्याचा शोध.

खेळाडू : मग कुंपणापासूनच सुरुवात करा. ज्या कुणाच्या घरी मूल माइनक्राफ्ट खेळत असेल त्यानं आज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसावं. एक कुंपण उभारायला सांगावं. आधी त्यावर स्वतः उडी मारून बघायची, मग वरून उतरून त्याच्या माथ्यावर उभं राहायचं आणि पाय नेमके किती उंचीवर टेकले ते मोजायचं. दिसतं एक ब्लॉक. मोजलं की दीड भरतं.